रेषा जमिनीवर उतरली पाहिजे

डोंगर, पठार किंवा दरीखोरं कायद्याने जपायचं ठरलं की गावोगावी पहिला प्रश्न निघतो तो बंदीचा. घर बांधता येईल का, जमीन विकता येईल का, चिऱ्याची खाण चालू राहील का. हद्द नेमकी कुठून जाते, हे विचारणारा माणूस बैठकीत शेवटच्या ओळीत बसलेला असतो आणि त्याचा प्रश्न येईपर्यंत चहा आलेला असतो. पुढच्या वीस वर्षांचे दावे, अर्ज आणि हेलपाटे मात्र त्या हद्दीतूनच निघतात. अमुक गट रेषेच्या आत की बाहेर, ओढा कुठला, कडा कुठून मोजायचा, नकाशा खरा की यादी खरी.

आज हा प्रश्न महाराष्ट्रात पुष्कळांच्या दारात आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी काढला. सहा राज्यांतल्या ५६,८२५.७ चौरस किलोमीटरपैकी १७,३४० महाराष्ट्रातले आणि १,४६१ गोव्यातले आहेत. शिवाय प्रत्येक अभयारण्याभोवतीचं वेगळं वर्तुळ आहेच. तुमचं गाव यात येत असेल, शेजारी असेल, किंवा तुमच्याच गावचा सडा वाचावा म्हणून तुम्ही खटपट करत असाल, तर हद्दीच्या बाजूने काय तपासायचं आणि काय मागायचं, ते इथे मांडतो.

आधी कायदा कोणता, ते ठरवा

आपल्याकडे निव्वळ ‘निसर्गसौंदर्य’ जपणारा असा एक कायदा नाही. वेगवेगळ्या कायद्यांतून वाट काढावी लागते आणि प्रत्येकाची हद्द काढायची रीत निराळी.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली अभयारण्य झालं तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे लोकांच्या हक्कांची चौकशी होते आणि हक्क संपादितही होऊ शकतात. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खालच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये जमिनीची मालकी हलत नाही, फक्त वापरावर बंधनं येतात. माथेरान, महाबळेश्वर-पाचगणी, डहाणू ही या दुसऱ्या वाटेची महाराष्ट्रातली जुनी उदाहरणं. जागा अगदी लहान असेल, एखादं तळं, देवराई, दलदल, तर जैवविविधता कायदा, २००२ खाली राज्य सरकार ‘जैवविविधता वारसा स्थळ’ जाहीर करू शकतं. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची रानटी जायफळाची दलदल २.५९ हेक्टरांची आणि आंबोलीचं हिरण्यकेशी माशाचं स्थळ २.११ हेक्टरांचं. दोन्ही २०२१ मध्ये जाहीर झाली. दोन-अडीच हेक्टरांची चतुःसीमा माणूस सकाळी चालून दुपारच्या जेवणाला घरी येतो. त्यामुळे भांडण कमी आणि राखण सोपी.

माझं मत विचाराल तर गावाने स्वतःहून मागणी करायची असेल तेव्हा या लहान वाटेपासून सुरुवात करावी. अख्खं खोरं एकदम मागितलं की पहिल्याच बैठकीत निम्मं गाव विरोधात जातं.

देखणेपण कागदावर कसं आणायचं

पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधला पाचवा नियम हा या साऱ्याचा पाया. एखाद्या भागात उद्योग किंवा कामं रोखताना केंद्राने काय बघायचं, त्याची यादी त्यात आहे. त्या भागाची भूरचना आणि हवामान, जपण्याजोगी जैवविविधता, पर्यावरणाशी जुळणारा जमीनवापर, अभयारण्य किंवा संरक्षित स्मारकाची जवळीक, मनुष्यवस्तीची जवळीक वगैरे. ‘सुंदर’ हा शब्द त्यात नाही. तेव्हा ‘आमचा परिसर अत्यंत रमणीय आहे’ अशी सुरुवात असलेलं निवेदन वाचणारा अधिकारी मनातल्या मनात मान डोलावतो आणि फाईल बाजूला ठेवतो.

देखणेपणाच्या मागे जे आहे ते लिहा. महाबळेश्वरचं उदाहरण घ्या. पर्यटकाला तिथं धुकं आणि पॉइंट दिसतात. पण कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या नद्यांचे उगम तिथले आहेत. २००० साली प्रणव सेन समितीने संवेदनशील क्षेत्रं ठरवण्याचे निकष दिले, त्यांत नद्यांचे उगम आणि तीव्र उतार हे भूरूपाचे निकष स्वतंत्रपणे मांडलेले आहेत. म्हणजे उगम दाखवला, उतार दाखवला, त्या जागेपुरतीच सापडणारी वनस्पती दाखवली, की तुमचं निवेदन निकषात बसतं. महाबळेश्वर-पाचगणीची अधिसूचना १७ जानेवारी २००१ ला निघाली, क्षेत्र १२३.९६ चौरस किलोमीटर.

आता दृश्याचा मुद्दा. तो सोडून द्यायचा नाही, फक्त नीट बांधायचा. माथेरान गाव डोंगरमाथ्यावर, सुमारे आठशे मीटर उंचीवर, आणि नगरपरिषदेची हद्द जेमतेम सात-साडेसात चौरस किलोमीटरची. तेवढंच राखलं असतं तर? पॅनोरमा पॉइंटवर उभं राहून माणूस बघतो ते माथेरान नव्हेच. तो खालची गावं, सोंडा, पायथ्याची शेतं बघतो. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेत हद्द पायथ्याच्या गावांपर्यंत खाली उतरवली गेली. क्षेत्र २१४.७३ चौरस किलोमीटर आणि त्याबाहेर २०० मीटरचा पट्टा. माथा राखायचा तर पायथा राखावा लागतो हे तिथे कागदावर आलं. पायथ्याच्या गावांना याचा जाच वाटला, हेही तितकंच खरं. दृश्य वरच्यांचं आणि बंधन खालच्यांवर, ही तक्रार खोडून काढता येत नाही. ती ऐकूनच हद्द ठरवावी लागते.

अमेरिकेत १९८६ साली कोलंबिया नदीच्या घळीसाठी खास कायदा झाला. तिथे देखावा हाच संरक्षणाचा एक उघड हेतू आहे. सुमारे २,९२,५०० एकरांचा टापू, त्यातून १३ नागरी वस्त्या वगळलेल्या, आणि महामार्ग, नदी, पायवाटा अशी बघण्याची ठिकाणं ठरवून दिलेली. नवं बांधकाम त्या ठिकाणांवरून पाहिलं तर आजूबाजूच्या निसर्गावर उठून दिसता कामा नये, असा दंडक. आपल्या कायद्यात असा दंडक थेट नसला तरी युक्ती घेता येते. गावातून, घाटरस्त्यावरून, देवळाच्या पायऱ्यांवरून अशी चार-सहा ठिकाणं पक्की करा, प्रत्येक ठिकाणाहून कुठली सोंड, कुठली धार दिसते ते नकाशावर रंगवा, फोटोवर तारीख आणि दिशा लिहा. ‘रमणीय’ म्हणण्यापेक्षा हा कागद वजनदार.

एकक बदललं की गाव आत-बाहेर होतं

हद्दीच्या वादात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मोजमापाचं एकक. पश्चिम घाटाचंच बघा. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला संवेदनशीलतेचे गुण दिले. अशा एका चौकोनात घनदाट रान, उसाचं शिवार आणि एस.टी. स्टँड तिन्ही मावतात. समितीला हे ठाऊक होतं. अंतिम रेषा ग्रामसभांशी बोलून ठरवावी असंच तिचं म्हणणं होतं, पण बोलणं बाजूला राहिलं आणि चौकोनांवर गदारोळ झाला. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून, २४ मीटर तपशिलाने, नैसर्गिक आणि सांस्कृतिक भूभाग वेगळे काढले. चित्र कितीतरी बारीक झालं. पण मग एकक धरलं गाव. गावाच्या २० टक्के किंवा त्याहून जास्त क्षेत्र संवेदनशील आढळलं तर अख्खं गाव यादीत. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते इथे. वरच्या अंगाला रान, खाली भातखाचरं असलेलं कोकणातलं किंवा मावळातलं गाव असं सगळंच्या सगळं आत आलं.

केरळने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे ग्रामपंचायतीच्या पातळीवर प्रत्यक्ष जागेवर पडताळणी झाली, आणि मूळ १३,१०८ चौरस किलोमीटरचं क्षेत्र ९,९९३.७ वर आलं. त्यातलं ९,१०७ वनक्षेत्र आणि ८८६.७ वनेतर. ती कपात योग्य होती की राजकारणाची, यावर दोन मतं आहेत आणि माझ्या मते काही ठिकाणी हात जरा जास्तच सैल सुटला. पण शिकायचं ते एवढंच की केरळ नुसता विरोध करून थांबला नाही. त्याने आकडे आणि नकाशे पुढे केले, आणि मसुद्यात केरळचा आकडा बदललेला दिसतो.

म्हणून मसुदा हातात आला की पहिला प्रश्न हा: आमचं गाव पूर्ण घेतलंय की अंशतः? पूर्ण असेल तर कुठल्या आकड्यावर? ती टक्केवारी माहितीच्या अधिकारात मागा. गावाच्या एकूण क्षेत्राचा आकडा जनगणनेचा धरलाय की महसुली, तेही तपासा. दोन्हींत फरक निघतो आणि वीस टक्क्यांच्या काठावरच्या गावाचं नशीब त्या फरकावर फिरू शकतं.

रेषा लिहायची कशी

वन्यजीव कायद्याच्या अठराव्या कलमाच्या स्पष्टीकरणात एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. क्षेत्राचं वर्णन रस्ते, नद्या, डोंगरधारा किंवा लोकांना परिचित आणि सहज कळतील अशा सीमांनी केलेलं पुरेसं आहे. हा निकष इतर कायद्यांखालच्या हद्दींनाही लावून बघावा. गुराख्याला आणि तलाठ्याला, दोघांनाही जी रेषा जागेवर दाखवता येते तीच टिकते.

डोंगरधार ही सर्वांत चांगली हद्द. पाणी दोन बाजूंना वाटलं जातं ती ओळ कुणाला हलवता येत नाही आणि ती ओळ धरली की पाणलोट तुटत नाही. कड्याच्या काठाची हद्द दिसायला सोपी, पण लिहिताना फसवी. ‘कड्यापासून १०० मीटर’ म्हटलं की कड्याचा माथा धरायचा की तळ, हा वाद ठरलेला. सह्याद्रीच्या कड्याला दोन-तीन टप्पे असतात, मग कुठला टप्पा? स्पष्ट लिहून घ्या. ओढा शक्यतो टाळा, त्याचा काठ सरकतो. टाळता येत नसेल तर ‘ओढ्याची मध्यरेषा’ लिहून खाली दोन-तीन पक्क्या खुणा जोडा, मोरी, पूल, देऊळ. रस्ता चालतो, मात्र रस्ता आत की बाहेर हे सांगायला हवं. रुंदीकरण झालं की हाच प्रश्न उभा राहतो.

गट नंबरांची हद्द महसूल खात्याला आवडते आणि शेतकऱ्यालाही, कारण सातबाऱ्यावर बोट ठेवता येतं. तिचा दोष असा की गट डोंगराच्या आकाराकडे बघून पाडलेले नसतात. एकाच गटाचा वरचा भाग कड्यावर आणि खालचा नाचणीच्या वरकसात असू शकतो. अशा वेळी ‘गट क्रमांक अमुकपैकी डोंगरधारेच्या पश्चिमेचा भाग’ असं अंशतः लिहिता येतं. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि त्या गटाचा नकाशा काढून ठेवा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर दिसणारी आकृती कामाची आहे, पण उपग्रह चित्रावर ठेवली की काही गावांत ती थोडी सरकलेली दिसते. त्या सरकण्यावर भरवसा ठेवून घराचा पाया खणू नये.

आता अक्षांश-रेखांश. इको-सेन्सिटिव्ह झोनच्या मसुद्याला परिशिष्टं असतात: हद्दीचं वर्णन, नकाशा, गावांची यादी, हद्दीवरच्या बिंदूंचे अक्षांश-रेखांश. हे चारही एकमेकांशी ताडून बघा, कारण चुका सापडतात त्या इथेच. अंश-मिनिटांत लिहिलेला आकडा दशांशात वाचला की काय होतं? महाबळेश्वरजवळचा १७ अंश ५५ मिनिटांचा बिंदू दशांशात १७.९१६७ होतो. कुणी तो १७.५५ असा टाकला तर बिंदू चाळीस किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडतो. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि दशांशातला चौथा अंक सुमारे ११ मीटर. ज्या यादीत आकडे पूर्ण मिनिटांपर्यंतच दिलेत तिथे बिंदू किलोमीटरभर इकडेतिकडे असू शकतो. असं दिसलं की ‘किमान सेकंदांपर्यंत द्या’ ही मागणी हरकतीत घाला.

नकाशाचं प्रमाणही पाहा. १:५०,००० च्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. छापील जाड रेषेखाली एखादी वाडी अख्खी झाकली जाते. याच नकाशाने उतारही कागदावर मोजता येतो. त्यात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. दोन लगतच्या रेषा कागदावर दोन मिलिमीटर अंतरावर असतील तर आडवं अंतर १०० मीटर, चढ २० मीटर, म्हणजे १:५ चा उतार. महाराष्ट्रातल्या विकास नियंत्रण नियमांत याच १:५ ला महत्त्व आहे. साधारणपणे त्याहून तीव्र चढावर बांधकाम चालत नाही. रेषा दोन मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या की तो भाग लाल पेन्सिलीने रंगवा. एका संध्याकाळचं काम आहे, शाळेतली मुलंसुद्धा करतात. लाल पट्टा मसुद्यातल्या हद्दीच्या बाहेर सुटला असेल तर हद्द वाढवायला तुमच्याकडे सबळ कारण आलं, आणि सपाट खाचरं आत ओढली गेली असतील तर वगळायलाही.

मसुदा वाचा, मग संतापा

‘झोन लागला की जमिनी गेल्या’ हे वाक्य प्रत्येक तालुक्यात ऐकू येतं. पश्चिम घाटाच्या मसुद्यात काय आहे? नव्या खाणी, दगड आणि वाळूउपसा बंद, चालू खाणी पाच वर्षांत किंवा परवाना संपेल तेव्हा बंद. नवे औष्णिक प्रकल्प बंद. प्रदूषणाच्या लाल वर्गातले नवे उद्योग बंद. २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढची बांधकामं, मोठ्या टाउनशिप बंद. मालकीहक्काच्या बदलावर, म्हणजे खरेदी-विक्रीवर, बंदी नाही आणि राहत्या घराची दुरुस्ती किंवा वाढही रोखलेली नाही. तुमच्या माडीला या मसुद्याचं भय नाही. भय आहे ते ज्यांना डोंगर पोखरायचा आहे त्यांना, आणि गावच्या बैठकीत सर्वांत मोठ्याने कोण बोलतंय याकडे जरा लक्ष द्या.

तरी सगळीच भीती खोटी म्हणता येत नाही. नियमावली, परवानग्या आणि समित्यांचे फेरे वाढतात. माथेरानमध्ये वाहनबंदीमुळे सामान वाहायचं कसं, माणसाने ओढायच्या रिक्षा कधी थांबायच्या, ई-रिक्षा किती असाव्यात, असे प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हद्द ठरवताना त्या हद्दीत जगणारा माणूस कसा जगतो, त्याचा रस्ता, पाणी, गुरांची चराई, याची नोंद नसेल तर पुढे ते सगळं न्यायालयात शोधावं लागतं. धनगरवाड्यांच्या आणि आदिवासी पाड्यांच्या बाबतीत तर हे नेहमीचं आहे. वनहक्क कायदा, २००६ खालचे हक्क, विशेषतः सामूहिक वनहक्क, या अधिसूचनेने संपत नाहीत. पण दावा अजून दाखलच केलेला नसेल तर तो आधी करा. नकाशावर हक्काची नोंद असलेली वाडी आणि नकाशावर नसलेली वाडी यांना कागद सारखं वागवत नाही.

अभयारण्याच्या शेजारच्या गावांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. ३ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सर्व संरक्षित वनांभोवती किमान एक किलोमीटरचा पट्टा सांगितला होता. २६ एप्रिल २०२३ च्या आदेशाने तो सरसकट नियम सैल झाला, पण राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आतली खाणबंदी कायम राहिली. अजूनही काही ठिकाणी जुना आदेश दाखवून घराची परवानगी अडवली जाते. दुसऱ्या आदेशाची प्रत जवळ असू द्या.

साठ दिवस

मसुदा राजपत्रात छापून त्याच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या की साधारण साठ दिवसांत हरकती आणि सूचना द्यायच्या असतात. नेमकी मुदत आणि पत्ता मसुद्याच्या पहिल्याच परिच्छेदात असतो. हरकत दिल्लीला, पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाच्या सचिवांकडे जाते, ई-मेलनेही चालते. गेल्या वेळी मसुदा जुलैअखेर निघाला, म्हणजे साठ दिवस गेले श्रावण-भाद्रपदात. त्या दिवसांत सह्याद्रीत डोंगरधार चालून बघणं सोडाच, ती दिसतसुद्धा नाही. म्हणून वरची सारी तयारी, नकाशे, फोटो, गटांची यादी, उन्हाळ्यात करून ठेवायची. मसुदा आल्यावर धावाधाव म्हणजे वरातीमागून घोडं.

राजपत्रात मजकूर हिंदी आणि इंग्रजीत असतो. मराठी प्रत मागायला संकोच नको. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं होतं, तो दाखला जोडा.

हरकतीत भाषण नको. मुद्दा, जागा, पुरावा, मागणी, एवढंच. समजा मसुद्यातली रेषा गावाच्या वायव्येला धार सोडून ओढ्याने खाली उतरली आहे आणि वरचा कडा बाहेर राहिला आहे. मग असं लिहा:

‘परिशिष्टातील बिंदू ४१ ते ४४ यांमधील हद्द ओढ्याच्या मध्यरेषेने दर्शविली आहे. प्रत्यक्षात पाणलोटाची धार या ओढ्याच्या पश्चिमेस सुमारे ३०० मीटरवर असून, तेथील उतार १:५ पेक्षा तीव्र आहे. नकाशा व छायाचित्रे जोडली आहेत. हद्द बिंदू ४१ पासून डोंगरधारेने खिंडीपर्यंत व तेथून जुन्या पायवाटेने बिंदू ४४ पर्यंत न्यावी. तसेच ओढ्याच्या पूर्वेकडील भातखाचरे व वाडीची घरे असलेले, सोबतच्या यादीतील गट वगळावेत. ग्रामसभेचा ठराव जोडला आहे.’

या नमुन्यात दोन मागण्या आहेत, एक हद्द वाढवण्याची आणि एक वगळण्याची. दोन्ही एकत्र असल्या की निवेदनाला वजन येतं. नुसतं ‘आमचं गाव वगळा’ असे हजारो अर्ज एका साच्यात, फक्त गावाचं नाव बदलून जातात. वाचणाऱ्याला तो साचा दुसऱ्या अर्जालाच कळतो. ठराव ग्रामसभेचा हवा, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा नव्हे, हेही बघा. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोकजैवविविधता नोंदवही तयार असेल तर तिची पानं जोडा. नसेल, आणि बऱ्याच गावांत ती कपाटात कोरीच असते, तर या निमित्ताने भरून घ्या.

पाठवल्याची पोच जपा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि उपवनसंरक्षकांना द्या. मसुदा ठरल्या मुदतीत अंतिम झाला नाही तर बाद होतो आणि नव्याने काढावा लागतो. पश्चिम घाटाचे २०१४ पासून सहा मसुदे निघाले ते त्यामुळेच. नवा निघाला की जुनी हरकत जोडून पुन्हा पाठवायची, ‘मागे दिली होती’ म्हणून गप्प बसायचं नाही.

अंतिम अधिसूचनेनंतर

अधिसूचना निघाल्यावर चारही गोष्टींची पुन्हा ताडणी करा: वर्णन, नकाशा, यादी, बिंदू. तफावत असेल तर शुद्धिपत्रकाची मागणी लगेच करायची, पहिली बांधकाम परवानगी अडेपर्यंत थांबू नये. आत-बाहेर झालेल्या गटांची यादी चावडीवर आणि ग्रामपंचायतीत लावायला सांगा. हद्दीवर दगड किंवा खांब बसवताना गावातल्या दोघाचौघांनी हजर राहून पंचनाम्यावर सही करावी. खांब सोयीच्या जागी, म्हणजे जीप जाते तिथवरच, बसवले जातात असा अनुभव पुष्कळ गावांचा आहे.

त्यानंतर येतो आराखडा. इको-सेन्सिटिव्ह झोनसाठी राज्याने बहुधा दोन वर्षांत विभागीय महायोजना करायची असते आणि देखरेखीसाठी समिती असते. कुठला उतार, कुठलं रान राखायचं आणि कुठलं गावठाण वाढू द्यायचं, हे त्या योजनेत ठरतं. अधिसूचनेवर भांडून थकलेली माणसं या टप्प्याला घरी बसलेली असतात, आणि ज्यांना रिसॉर्ट बांधायचा असतो ती तिथे नेमाने हजर असतात. समितीच्या बैठकांचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात दर सहामाहीला मागत राहा.

हद्दीत कुणी डोंगर फोडताना दिसला तर तारखेसह फोटो आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश घेऊन तहसीलदार, देखरेख समिती आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी कळवा. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या उल्लंघनाला तुरुंगाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आहे आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. रिसॉर्टवाल्याला पंधरा लाख फार नाहीत, म्हणून काम थांबवण्याचा आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश मागायला विसरू नका. त्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. तिथे वाद नेण्याला साधारण सहा महिन्यांची आणि जागा पूर्ववत करून मागण्याला पाच वर्षांची मुदत असते, आणि ती कारण प्रथम घडलं त्या दिवसापासून मोजली जाते. अधिसूचनेच्या हद्दीलाच आव्हान द्यायचं असेल तर वाट उच्च न्यायालयाची. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांचा प्रश्न त्याच वाटेने गेला आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती गावं संवेदनशील जाहीर करण्याच्या बाजूने निर्देश दिले. मूळ याचिका दहा वर्षांहून जुनी होती. इतकी वर्षं टिकणारे कागद पहिल्या दिवशीच नीट लावून, त्यांची एक प्रत गावाबाहेर ठेवून द्यावी. सरपंच बदलला की दप्तर हरवतं.